'आभा' आणि तुमचे रिपोर्ट: संमती देण्यापूर्वी काय पाहावे?

केसपेपर काढताना हल्ली 'आभा आहे का?' असे विचारले जाते. नसेल तर काउंटरवरच आधार क्रमांक घेतात, मोबाइलवर ओटीपी येतो आणि मागे रांग असल्याने आपण तो सांगून मोकळे होतो. आपण नेमके कशाला 'हो' म्हटले, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ओटीपी सांगण्याआधी 'हा कशासाठी?' एवढे जरूर विचारा.

आभा हा आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ आकडी क्रमांक. तो ऐच्छिक आहे. नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. तुमचे सगळे रिपोर्ट सरकारकडे एका जागी जमा होतात, हा समजही बरोबर नाही. रिपोर्ट ज्या लॅबमध्ये किंवा रुग्णालयात तयार झाला तिथेच राहतो. आभा फक्त त्या नोंदी तुमच्या नावाशी जोडतो.

ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव, वय, पत्ता अशी नोंदणीची माहिती जाते. जुने रिपोर्ट पाहण्यासाठी मात्र वेगळी विनंती ॲपवर येते. ही नीट वाचा. कोण मागत आहे, कशासाठी, कोणत्या नोंदी, कोणत्या काळातल्या आणि परवानगी कधीपर्यंत, हे त्यात लिहिलेले असते. गुडघेदुखीसाठी गेला असाल तर सगळ्या जुन्या नोंदी कशाला हव्यात, असे विचारणे उद्धटपणाचे नाही. दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. पण डॉक्टरांनी तोवर वाचलेले त्यामुळे पुसले जात नाही.

वडीलधाऱ्यांच्या आभाला अनेकदा मुलाचा मोबाइल जोडलेला असतो. म्हणजे संमती मुलगाच देतो. आईला विचारून द्या. माहिती तिची आहे.

माहिती पूर्ण सुरक्षित राहील का? तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि कितीतरी दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती फुटल्यास संस्थेने संबंधितांना कळवावे अशी तरतूद आहे.

या भीतीपोटी काही रुग्ण डॉक्टरांपासूनच आजार लपवतात. ते जास्त धोक्याचे. मानसिक आजारासाठी लिथियम चालू असताना ते न सांगता आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेतली, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. मानसिक आजार आणि एचआयव्ही यांच्या गोपनीयतेसाठी २०१७ चे स्वतंत्र कायदे आहेत. ॲपवर नोंद द्यायची नसेल तर देऊ नका, पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना तोंडी सांगा, आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.