संगणकाचे मीटर

गावात पिठाची गिरणी असली की घरोघरी गिरणी घ्यावी लागत नाही. दळण न्यावे, किलोमागे पैसे द्यावेत. संगणकाचेही असेच करता येईल, ही कल्पना बरीच जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी म्हटले होते, की टेलिफोनप्रमाणे संगणनही एक दिवस सार्वजनिक सेवा होऊ शकेल.

त्या काळी मोठ्या संगणकाची किंमत लाखो डॉलर होती. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा देऊन उत्तरासाठी तासन्‌तास थांबावे लागे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमआयटीतच फर्नांडो कोर्बाटो यांनी कालविभागणीचे प्रात्यक्षिक दाखवले. माणूस विचार करत असताना यंत्र रिकामे बसते. तेवढ्या वेळात ते दुसऱ्याचे काम उरकते. पुढे काही कंपन्या दूरध्वनीच्या तारेवरून असा वेळ विकू लागल्या. टेबलावर मावणारे स्वस्त संगणक आल्यावर हा धंदा मागे पडला.

तो नव्या रूपात परतला २००६ साली. ॲमेझॉनने त्या मार्चमध्ये साठवण देऊ केली, एका गिगाबाइटला महिना १५ सेंट. आणि ऑगस्टमध्ये संगणक, तासाला १० सेंट. यंत्र विकत घेण्याचे भांडवल नसलेल्या लहान व्यावसायिकाला हे वरदानच होते. पण मीटर कसे फिरते, हे पाहिले पाहिजे. यंत्र दिवसाला ८ तास, महिन्यात २५ दिवस चालवले तर २० डॉलर होतात. तेच बंद करायचे विसरलो, तर ३० दिवसांचे ७२ डॉलर! काम करा वा न करा, चालू यंत्राचे भाडे पडतेच. गिरणी निदान दळण नसताना पैसे मागत नाही. शिवाय तासाचा अंशही पूर्ण तास धरला जाई. दहा-दहा मिनिटांसाठी तीनदा नवे यंत्र घेतले, की तीन तासांचे पैसे. ऑक्टोबर २०१७ पासून लिनक्स यंत्रांना सेकंदाचा हिशेब लागू झाला, तोही किमान एका मिनिटाचा.

आम्हाला खरी मेख वाटते ती पुढेच. २०११ साली ॲमेझॉनने माहिती आत टाकण्याचे शुल्क काढून टाकले. बाहेर नेण्याचे, ठराविक मर्यादेपलीकडे, ठेवले. दळण टाकणे फुकट, पीठ घरी न्यायला पैसे! दुसरी सेवा स्वस्त दिसली तरी वर्षांची हिशेबवही उचलून तिकडे जाणे लहान दुकानदाराला परवडेना. सार्वजनिक सेवेच्या उपमेत हे कोठेच बसत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली याविरुद्ध कायदा केला. मार्च २०२४ मध्ये ॲमेझॉनने कायमचे सोडून जाणाऱ्यांना हे शुल्क माफ केले. राहणाऱ्यांचे मीटर मात्र फिरतेच आहे.