मातीचा शिवनेरी



दिवाळी जवळ आली म्हणजे जुन्नर-आंबेगांवच्या खेड्यांत, तसेंच पुण्यामुंबईच्या चाळींत, मुलें माती, विटा व गोणपाट गोळा करून किल्ला उभारतात. उतारावर अळीव पेरतात, वाटेवर मातीचे मावळे ठेवितात आणि अगदीं वर, सिंहासनावर, महाराजांची मूर्ति बसवितात. या खेळण्यावर आपल्यापैकीं कित्येकांचें बालपण पोसलेलें आहे. म्हणूनच, दिवाळीच्या या मातीच्या सैन्याला पुन्हां जिवंत करूं पाहणाऱ्या एका चित्रकथामालेचा शिवनेरीवरील अंक हातीं आला, तेव्हां मीं तो मोठ्या ओढीनें उघडला.

मिटला तो मात्र खिन्न मनानें. चित्रें ठसठशीत होतीं, रंग झगझगीत होते. पण पहिल्या पानावर पाळणा, शेवटच्या पानावर त्याच गडावर फडकणारा भगवा आणि त्याखालीं सिंहासनस्थ महाराज! आमच्या अंगणांतील किल्ल्यानें जें सांगितलें होतें तेंच. त्याहून एक अक्षर अधिक नाहीं.

इतिहासाचें म्हणणें निराळें आहे. १९ फेब्रुवारी १६३० रोजीं शिवछत्रपतींचा जन्म या गडावर झाला. १६३६ च्या तहांत शहाजीराजांना इतर किल्ल्यांबरोबर शिवनेरीही सोडावा लागला व तो मोगलांकडे गेला. १६५७ सालीं महाराजांनीं रात्रीं दोरीच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा कोट ओलांडला आणि तीन लक्ष होन व दोनशें घोडे नेले. परंतु शहराच्या उशाशीं उभा असलेला गड हातीं लागला नाहीं. पुढें १६७० नंतरच्या वर्षांत किल्लेदार अब्दुल अझीझखान यास द्रव्य देऊन गड घेण्याचा बेत झाला. खानानें द्रव्य ठेवून घेतलें व मोगल सुभेदारास आगाऊ वर्दी दिली. दबा धरून बसलेल्या फौजेपुढें मराठ्यांना माघार घ्यावी लागली. १६७५ सालीं येथें आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज वैद्यानें नमूद केलें आहे कीं, एक हजार कुटुंबांना सात वर्षें पुरेल इतकी सामग्री गडावर होती. १६८० सालीं महाराज निवर्तले, तेव्हांही शिवनेरी मोगलांच्याच ताब्यांत होता. मराठ्यांकडे तो आला पेशवाईंत, अठराव्या शतकाच्या मध्यास.

ज्या पुरुषानें इतके गड जिंकिले व बांधिले, त्याला स्वतःचें जन्मस्थान मात्र हयातींत परत मिळालें नाहीं. या एका गोष्टींत केवढी कथा आहे! चित्रकारानें तीच गाळली. मुलांना पराभव सोसणार नाहीं, असें त्यास वाटलें असावें.

मातीच्या किल्ल्याला ही चूक शोभते. मूल तेथें आपली इच्छा मांडतें. छापलेल्या पानाला ती सवलत नाहीं. अनंत पै यांनीं १९६७ सालीं अमर चित्र कथा सुरू केली. तेव्हांपासून कित्येक घरांत इतिहासाची पहिली ओळख चित्रकथेनेंच करून दिली आहे. पहिली ओळख सहसा पुसली जात नाहीं, म्हणून ती खरी असावी.

येत्या दिवाळींत घरचा किल्ला शिवनेरी असेल, तर एकवार महाराजांना व मावळ्यांना खालीं, शहराच्या कोटाशीं उभे करून पाहा, आणि वर मोगलांचा किल्लेदार बसवा. मूल विचारील, “महाराज खालीं कां?” त्या प्रश्नाचें उत्तर देण्यास घरांतील वडील माणसें तयार असावींत, एवढीच विनंति.