तिलेच नाही इचारलं

आमच्या वणीत वर्गातला एखादा पोरगा फार दंगा करू लागला, की बाकीची पोरे ‘याला नागपूरला पोचवा’ म्हणून ओरडतात. नागपूरला सारे जग जाते. पण या वाक्यातले नागपूर कोणते, ते पोरांना बरोबर ठाऊक असते. तेथल्या एका चौकालाच लोक ‘पागलखाना चौक’ म्हणतात. ते मनोरुग्णालय १८६४ चे. तेव्हा आमचे वऱ्हाड नावाने निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे होते.

‘पोचवणे’ हा शब्द मला बोचतो. माझ्या आजीची धाकटी बहीण १९५० नंतरच्या दशकात अशीच दूरच्या एका इस्पितळात पोचवली गेली. बाळंतपणानंतर ती रात्ररात्र जागे, भिंतीशी बोले. घरच्यांनी अर्ज केला, दोन डॉक्टरांचे दाखले जोडले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला. १९१२ च्या कायद्याची रीतच ती. ती परत आली नाही. आजी म्हणे, “साऱ्याइले इचारलं, पन तिलेच नाही इचारलं!”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. तरी या एका वाक्यापायी कायद्याची पुस्तके उघडली. तो जुना कायदा अगदीच निर्दय नव्हता. इस्टेटीच्या लोभाने कोणी शहाण्याला कोंडू नये, म्हणून तर मॅजिस्ट्रेट मध्ये घातला होता. स्वतःहून दाखल होण्याची सोयही त्यात होती. पण ज्याला नातलग घेऊन येत, त्याच्या मर्जीला मोल थोडेच. १९८७ च्या कायद्याने ‘वेडा’ जाऊन ‘मनोरुग्ण’ आला. साखळ्या मात्र राहिल्या. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांत जखडलेले २८ जण पळू शकले नाहीत.

२०१७ चा कायदा २०१८ पासून अमलात आला. त्याने साखळ्यांना बंदी केली. उपचार कसे व्हावेत, हे माणसाला आधीच लिहून ठेवता येते. त्याचे गुपित राखणे हे उपचार करणाराचे कर्तव्य ठरले. जिवावर बेतले, अशा काही ठरावीक कारणांनीच, आणि जरूर तेवढेच, सांगायचे. जीव देऊ पाहणारा पूर्वी दंडविधानाच्या ३०९ व्या कलमाने गुन्हेगार ठरे. आता तो मनाच्या तीव्र ताणाखाली होता असेच धरून चालतात. कापसाच्या कर्जात बुडणाऱ्या आमच्या यवतमाळ जिल्ह्याला याचे मोल निराळे सांगायला नको.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याच्या बापाने फवारणीचे औषध घेतले. सुदैवाने वाचला. मानसतज्ज्ञ बाईंनी आम्हा सर्वांना खोलीबाहेर काढले आणि दार लोटून घेतले. तासाभराने त्या बाहेर आल्या. त्याच्या भावाने विचारले, “काय म्हणला तो, मॅडम?”

“ते त्यांना सांगावेसे वाटले, तर तेच सांगतील.”

भाऊ चिडला. मला मात्र आजी आठवली. कोणीतरी अखेर त्यालाच विचारले होते.