चिमटा, भाता आणि दहा मिनिटांचा दंड

९ जुलै १९१३ रोजी पहाटे तीनच्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या बायोन शहरातून सायकलस्वारांचा एक जथा अंधारात बाहेर पडला. तूर द फ्रान्सचा तो सहावा टप्पा होता. ३२६ किलोमीटर अंतर, वाटेत पिरेनीज पर्वतातले एकापाठोपाठ एक घाट, आणि शेवट लुशाँ या गावी. रस्ते कच्चे, खडीचे. सायकली आजच्या दुप्पट वजनाच्या. गिअर बदलायची सोय नाही. घाटमाथ्यावर उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि मग उतार धरायचा.

त्या सकाळी एकूण वेळेच्या हिशेबात बेल्जियमचा ओदील दफ्रे पहिला होता आणि फ्रान्सचा युजेन क्रिस्तोफ दुसरा. दफ्रे घाटांत इतका मागे पडला की त्याने स्पर्धाच सोडली. २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले घाटाचा माथा क्रिस्तोफने गाठला तेव्हा बेल्जियमचाच फिलिप थाइस त्याच्या थोडा पुढे होता; पण एकूण हिशेबात आता क्रिस्तोफ आघाडीवर होता. वय अठ्ठावीस. तूर जिंकायची याहून चांगली संधी त्याला तोवर आली नव्हती.

उतारावर त्याच्या सायकलचा चिमटा मोडला. हँडलखालून निघून पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा जो भाग असतो, तो. आपल्याकडच्या दुकानांत त्याला फोर्कही म्हणतात. चिमटा गेला की सायकल ढकलतही नेता येत नाही. क्रिस्तोफने ती खांद्यावर घेतली, सुटे चाक हातात धरले आणि तो घाट उतरू लागला. मागून येणारे एकेक करून पुढे गेले. दहा किलोमीटरांहून अधिक चालल्यावर तो सेंत-मारी-द-कांपाँ या खेड्यात पोहोचला. तिथे एका मुलीने त्याला लोहाराचा भाता दाखवला.

इथून पुढची हकीकत फ्रान्समध्ये शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. लोहार मदतीला तयार होता, पण पंच मागोमाग येऊन उभे राहिले होते. स्पर्धकाने आपली सायकल स्वतःच दुरुस्त करायची, दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, असा नियम होता. लोहाराने पोलादी नळीचा तुकडा दिला, काय करायचे ते तोंडाने सांगितले आणि तो बाजूला झाला. क्रिस्तोफने नळी तापवली, ठोकली, कापली, जुळवली. सुमारे तीन तास हे चालले. एका हाताने लोखंड धरायचे, दुसऱ्याने हातोडा मारायचा आणि त्याच वेळी भाताही चालता ठेवायचा, हे एका माणसाच्या आवाक्यातले काम नाही. तेव्हा भट्टीपाशी असलेल्या सातेक वर्षांच्या एका पोराने भाता ओढला. पंचांनी ते टिपून घेतले. पंचांपैकी कुणी भूक लागल्याची तक्रार केली, तेव्हा क्रिस्तोफने त्याला कोळसे खायला सांगितले, असे तो म्हातारपणी सांगत असे. दुरुस्ती झाल्यावर तो उरलेले दोन घाट चढून लुशाँला पोहोचला. थाइसच्या मागे जवळपास चार तास. भात्याबद्दल दंड झाला दहा मिनिटांचा. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला.

तीन मिनिटे की दहा, याने काहीच फरक पडणार नव्हता. त्या वर्षी क्रिस्तोफ सातवा आला आणि थाइस पहिला. पण त्याच स्पर्धेत, शेवट जवळ आला असताना, थाइसही पडला. त्याचीही सायकल मोडली, त्यानेही दुसऱ्यांची मदत घेतली, आणि त्यालाही दहा मिनिटांचाच दंड झाला. तो दंड भरूनही तो साडेआठ मिनिटांच्या फरकाने जिंकला. एका पोराने भाता ओढला त्याचे माप आणि सरळ मदत घेऊन सायकल चालती केली त्याचे माप, दोन्ही सारखेच. नियम पाळण्यात क्रिस्तोफचे तीन तास गेले. नियम मोडण्याची किंमत दहा मिनिटे होती. सेंत-मारीच्या लोहाराला हातोडा देऊन टाकला असता तर कदाचित तासाभरात काम झाले असते. हा हिशेब त्याच्या मनात आला नाही, की आला आणि त्याने बाजूला सारला?

हा नियम कुणाचा, हे पाहिले पाहिजे. तूर द फ्रान्स १९०३ मध्ये ‘लोतो’ या क्रीडा दैनिकाने सुरू केली, ती अंक खपावेत म्हणून. संपादक आंरी देग्रांज हाच स्पर्धेचा सर्वेसर्वा. नियम तो करी, पंच तो नेमी आणि दुसऱ्या दिवशी अग्रलेखही तोच लिही. पहिल्या तूरआधी पंचवीस हजारांच्या आसपास असलेला खप १९०८ पर्यंत अडीच लाखांवर गेला. देग्रांजला माणूस विरुद्ध रस्ता असा सामना हवा होता. मध्ये यंत्र नको, सोबती नको, कारखानदार नको. गिअर बदलणारी यंत्रणा निघाल्यावरही त्याने ती तूरमध्ये १९३७ पर्यंत येऊ दिली नाही.

त्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. प्यूजो, आल्सिओन यांसारखे सायकल कारखानदार पैशाच्या बळावर संघ बांधत. मदतीची मुभा दिली असती तर त्यांनी प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी नवी सायकल घेऊन माणूस उभा केला असता, आणि कुणाच्याही पाठबळाशिवाय धावणाऱ्या गरीब स्पर्धकाचे हाल झाले असते. आपली सायकल आपण सांभाळावी, या नियमात त्या माणसाला थोडे संरक्षण होते. मात्र तूरमालेवर त्याचा फटका बसला तो एका कामगारालाच.

क्रिस्तोफ पॅरिसच्या वेशीवरच्या मालाकॉफ वस्तीत १८८५ साली जन्मला आणि कुलपे बनवण्याचे काम शिकला. लोखंड त्याच्या हाताला नवे नव्हते. त्या पिढीचे बहुतेक सायकलपटू असेच हातावर पोट असलेल्या घरांतून आलेले. पहिला तूर विजेता मोरिस गारँ धुराडी साफ करणारा होता. पुढे दोनदा जिंकलेला फिर्मँ लांबो खोगिरे शिवणारा. बारा-चौदा तास राबण्याची सवय असलेल्या माणसाला सोळा तास सायकल चालवायला लावले तर तो चालवतो, हे देग्रांजला माहीत होते. आपला स्पर्धक ऐरणीवर बसून नळी जोडू शकेल, हेही नियमाने गृहीतच धरले होते. हे गृहीतक ज्याच्या बाबतीत तंतोतंत खरे, असा माणूस त्या दिवशी सापडला, म्हणून तर गोष्ट झाली. दुसरा कुणी असता तर त्याने आगगाडी पकडून घर गाठले असते.

सायकल खांद्यावर घेऊन चालण्याचीही त्याला सवय होती. चिखल, ओढे, कुंपणे यांतून सायकल प्रसंगी उचलून न्यायची जी शर्यत असते, त्या सायक्लोक्रॉसचा तो १९०९ पासून सलग सहा वर्षे फ्रान्सचा विजेता होता. आणि थंडी-वाऱ्याचे म्हणाल, तर १९१० ची मिलान–सान रेमो शर्यत त्याने जिंकली ती बर्फाच्या वादळात. तुर्किनो खिंडीत बर्फ साचलेले. गारठून रस्त्याकडेला थांबलेल्या क्रिस्तोफला एका माणसाने घरात नेऊन ऊब दिली. अंगात धग आल्यावर तो पुन्हा निघाला आणि साडेबारा तासांच्या आत सान रेमोला पोहोचला. साठाहून अधिक निघाले होते. निकालात नावे लागली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यानंतर तो महिनाभर रुग्णालयात होता. १९१२ च्या तूरमध्ये त्याने सलग तीन टप्पे जिंकले, त्यांतला एक तर ३१५ किलोमीटर एकट्याने पुढे राहून. पण तेव्हा निकाल वेळेवर नव्हे, गुणांवर लागे, आणि तो दुसरा आला. पुढच्या वर्षी गुणपद्धत रद्द झाली. ते वर्ष म्हणजे १९१३.

मग महायुद्ध. तूरचे तीन माजी विजेते त्यात गेले: फाबेर, लापीझ आणि पती-ब्रताँ. १९१९ ची तूर सुरू झाली ती व्हर्सायचा तह होऊन एकच दिवस उलटला असताना. खाणेपिणे, टायर, रस्ते, सगळ्याचीच वानवा. अंतर साडेपाच हजार किलोमीटरांवर. सदुसष्ट जण निघाले, पॅरिसला निकालात दहा उरले. कारखानदारांनी खर्च वाटून घेण्यासाठी एकच संयुक्त संघ केला होता, त्यामुळे बहुतेकांच्या अंगात एकसारखे करडे जर्सी. गर्दीला पुढे कोण ते कळेना. म्हणून १९ जुलैला ग्रनोब्लहून निघताना आघाडीच्या स्पर्धकाला पिवळा जर्सी दिला गेला. ‘लोतो’ पिवळ्या कागदावर छापला जाई, म्हणून तो रंग. तो स्पर्धक होता चौतीस वर्षांचा क्रिस्तोफ. पिवळा जर्सी घालणारा पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. (आपण तो १९१३ मध्येच घातला होता, असे थाइसने चाळीसेक वर्षांनी सांगितले.) क्रिस्तोफला स्वतःला त्याचे कौतुक नव्हते, रस्त्याकडेचे लोक पिवळा कॅनरी पक्षी म्हणून त्याची थट्टा करत.

शेवटून दुसरा टप्पा मेत्झ ते दंकर्क, ४६८ किलोमीटरांचा. लांबोवर अठ्ठावीस मिनिटांची आघाडी. उत्तरेकडचे दगडी फरसबंदीचे रस्ते युद्धाने आधीच खिळखिळे केलेले. वालांसियेनजवळ चिमटा पुन्हा मोडला. या वेळी जवळ सायकलींचा एक छोटा कारखाना होता. पुन्हा स्वतःच्या हातांनी काम, पुन्हा तासाहून अधिक वेळ. लांबो पुढे निघून गेला. पॅरिसला क्रिस्तोफ तिसरा आला.

‘लोतो’ने वाचकांना वर्गणीचे आवाहन केले आणि १३,३१० फ्रँक जमले. विजेत्याचे बक्षीस ५,००० होते. तीन-तीन फ्रँक पाठवणाऱ्यांपासून बड्या धनिकांपर्यंत देणगीदारांची नावे दिवसेंदिवस छापली जात होती. लोकांचा जीव हळहळला होता, यात शंका नाही. पण तो हळवेपणा छापून विकणाराही तोच, ज्याच्या नियमाने एक भंगलेली नळी तासाभराचा तोटा ठरली. क्रिस्तोफच्या कारकिर्दीवर फ्रान्समध्ये जे काही लिहिले जाते, त्यात दुर्दैव हा शब्द हमखास येतो. मला तो पटत नाही. चिमटे तेव्हा पुष्कळांचे मोडत. लोखंड मोडणे हे दुर्दैव म्हणता येईल. त्यापायी स्पर्धा हातची जाणे ही माणसांनी केलेली व्यवस्था होती, आणि त्या व्यवस्थेला दुर्दैव हे नाव सोयीचे होते.

१९२२ साली हे आणखी उघडे पडले. सदतिसाव्या वर्षी क्रिस्तोफने काही दिवस पुन्हा पिवळा जर्सी घातला. पुढे आल्प्समध्ये, गालिबिये घाटाच्या उतारावर, तिसऱ्यांदा चिमटा मोडला. तो मागे पडला आणि आठवा आला. त्याच स्पर्धेत आघाडीवर असलेल्या एक्तोर हसगेमची सायकल मोडली. त्याने पंचाची परवानगी घेऊन दुसरी सायकल घेतली. वरच्या पंचांनी ती परवानगी अमान्य करून त्याला एक तासाचा दंड केला. या वेळीही जिंकला लांबोच. १९१३ मध्ये मदतीला दहा मिनिटे, १९२२ मध्ये परवानगी घेऊन बदललेल्या सायकलीला एक तास.

दोनच वर्षांनी आंरी पेलिसिए हा गतविजेता, अंगातला एक जर्सी वाटेत टाकण्याच्या क्षुल्लक मुद्द्यावर चिडून, भावासह तूरमधून बाहेर पडला. पत्रकार आल्बेर लाँद्रला त्याने गोळ्या, औषधे, सोललेली कातडी असे सगळे दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. पेलिसिएने नियमाला तोंडावर नाही म्हटले. क्रिस्तोफने आयुष्यात तसे केले नाही. त्याची आज्ञाधारकता मला अस्वस्थ करते, पण तिला भाबडेपणा म्हणणे मला जमत नाही. भात्यापाशी उभ्या पंचांकडे पाहून त्याने स्वतःला कैदी आणि त्यांना पहारेकरी म्हटले, असेही तो सांगे. म्हणजे व्यवस्था त्याला पुरती दिसत होती. ऐरणीवरचे काम मात्र त्याने नीट केले, कारण काम अर्धवट टाकणे त्याला येत नव्हते.

त्याने इतर मोठ्या शर्यती जिंकल्या: पॅरिस–तूर एकदा, बोर्दो–पॅरिस दोनदा. अकरा वेळा तो तूर द फ्रान्समध्ये उतरला, आठ वेळा पॅरिसला पोहोचला. शेवटची तूर १९२५ ची, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. ती त्याने कधीच जिंकली नाही. देग्रांजने हळूहळू माघार घेतली. १९३० मध्ये कारखानदारांचे संघ जाऊन राष्ट्रीय संघ आले, आणि आपापसांतली मदत हळूहळू खेळाचा भाग झाली. आज चिमटा मोडला तर मागच्या गाडीतून नवी सायकल मिळायला मिनिटही लागत नाही.

१९५१ मध्ये सेंत-मारी-द-कांपाँ इथल्या त्या जागेवर स्मृतिफलक बसवला, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या क्रिस्तोफला बोलावले गेले. त्याने लोकांसमोर ती दुरुस्ती पुन्हा करून दाखवली. १९७० मध्ये तो गेला. पॅडलवर पाऊल पक्के राहावे म्हणून लावायच्या पोलादी पकडीवर आणि तिच्या चामडी पट्ट्यावर त्याचे नाव होते, आणि तो माल पुढेही अनेक वर्षे जगभर खपत राहिला. कित्येक सायकलस्वारांनी ‘क्रिस्तोफ’ हे नाव आधी पायाशी वाचले.