भले केले, पण भले झाले का?

आजचा विषय तसा सगळ्यांच्या ओळखीचा, आणि म्हणूनच अवघड. एका अनुभवी माणसाने दुसऱ्या, बहुधा लहान माणसाच्या सोबत राहायचे, कामात आणि जगण्यात त्याला उभे राहायला मदत करायची. यासाठी इंग्रजीतून आपल्याकडे दोन शब्द आले, कोचिंग आणि मेंटॉरिंग. आपल्याकडे कोचिंग म्हटले की बारावीचे क्लास डोळ्यांसमोर येतात. त्यात गैर काही नाही, शब्दाचा प्रवासच तसा आहे. हंगेरीत कोच नावाचे एक गाव आहे. तिथल्या घोडागाडीला गावाचे नाव पडले आणि ते युरोपभर पसरले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डमधल्या विद्यार्थ्यांनी, परीक्षेतून आपल्याला गाडीसारखे पार नेणाऱ्या शिकवणीच्या मास्तरांना थट्टेने 'कोच' म्हणायला सुरुवात केली. मेंटॉर हे होमरच्या 'ओडिसी'तल्या एका पात्राचे नाव. युद्धावर जाताना ओडिसियस आपले घर ज्याच्यावर सोपवून गेला तो मित्र. पण बघा, त्या महाकाव्यात मुलाला खरा आधार देते ती मेंटॉरचे रूप घेतलेली अथेना देवी. 'शहाणा मार्गदर्शक' हा अर्थ रूढ झाला तो फार नंतर, फेनेलाँ या फ्रेंच लेखकाच्या १६९९ मधल्या कादंबरीमुळे.

आता, गुरूची महती आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. आजचा प्रश्न जरा कोरडा आहे. अशा सोबतीने माणसाचे भले होते, हे आपल्याला कळते कसे? आणि 'मला फायदा झाला' असे त्या माणसाने स्वतः सांगितले, तर तेवढ्याने ते सिद्ध होते का?

हा प्रश्न इतिहासात एकदा फार प्रामाणिकपणे विचारला गेला, आणि त्याचे उत्तर फार कडू निघाले. ती गोष्ट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली. बॉस्टन शहराला लागून केंब्रिज आणि सोमरव्हिल ही दोन गावे आहेत. केंब्रिजमध्ये हार्वर्ड विद्यापीठ आहे, पण १९३० च्या दशकात आजूबाजूला कारखाने, दाट वस्ती आणि मंदीने पिचलेली कामगार कुटुंबेही होती.

या गोष्टीचा कर्ता रिचर्ड कॅबट. व्यवसायाने डॉक्टर, आणि पुढे हार्वर्डमध्ये सामाजिक नीतिशास्त्राचा प्राध्यापक. या माणसाचा स्वभाव समजून घ्यायचा तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. १९०५ साली त्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजसेवकांना आणले. रोग्याच्या घरची परिस्थिती कळल्याशिवाय रोग कळत नाही, असे त्याचे म्हणणे. दुसरी गोष्ट १९१२ ची. त्याने तीन हजार शवविच्छेदनांचे निष्कर्ष घेतले आणि डॉक्टरांनी जिवंतपणी केलेल्या निदानाशी ताडून पाहिले. किती निदाने चुकली होती ते छापून टाकले. आपल्याच व्यवसायातल्या लोकांना हे किती झोंबले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. म्हणजे हा माणूस दयाळू होता आणि दयेचाही हिशेब मागणारा होता. हे दोन गुण एका माणसात क्वचितच सापडतात.

१९३० साली शेल्डन आणि एलेनॉर ग्लूक या दांपत्याने सुधारगृहातून सुटलेल्या ५०० तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले बहुतेक जण पुन्हा गुन्ह्याकडे वळले होते. कॅबटच्या मनात आले, सुधारगृहापर्यंत पोचल्यावर उशीर होतो. त्याच्या कितीतरी आधी, मूल लहान असतानाच, त्याला एक भला, जाणता मित्र मिळाला तर? आणि तो मिळाल्याने फरक पडतो की नाही, हे नुसते मानायचे कशाला, तपासूनच पाहू या.

तर प्रयोगाची रचना अशी. शिक्षक, पोलीस, चर्च यांच्याकडून मुलांची नावे मागवली. 'वाह्यात' म्हणून ओळखली जाणारी मुले घेतलीच, पण साधी, सरळ मुलेही घेतली, म्हणजे योजनेत असण्याचा कलंक कुणाला लागू नये. मग वय, बुद्धी, घर, वस्ती, स्वभाव पाहून एकसारख्या दोन-दोन मुलांच्या जोड्या लावल्या. आणि प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवले. एकाला समुपदेशक मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. शेवटी अशा २५३ जोड्या, म्हणजे ५०६ मुलगे, अभ्यासात राहिले.

इथे मनात येतंच की, ही काय नीती झाली? एखाद्या मुलाचे नशीब नाण्यावर सोडायचे? या आक्षेपाचे उत्तर आपण लगेच देऊ या नको. थोडे पुढे गेल्यावर ते आपोआपच मिळेल.

काम १९३९ ते १९४५ असे चालले. सरासरी पाच वर्षे, साधारण दहा ते सोळा या वयात, समुपदेशक मुलाच्या घरी जात, महिन्यातून दोनदा. घरातल्या अडचणी ऐकत. निम्म्याहून अधिक मुलांना अभ्यासात मदत मिळाली. शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय किंवा मानसोपचाराची मदत मिळाली. साधारण चौथा हिस्सा मुलांना उन्हाळी शिबिरांना पाठवले. म्हणजे वरवरचे काम नव्हे हे. मध्ये महायुद्ध आले, काही समुपदेशक त्यात गेले, मुलांना नवे माणूस मिळाले, तरी काम थांबले नाही. कॅबट मात्र १९३९ मध्येच वारला.

पहिला निकाल १९५१ मध्ये पॉवर्स आणि विट्मर यांच्या ग्रंथातून आला. समुपदेशकांना वाटत होते की बऱ्याच मुलांना चांगला उपयोग झाला. मुलांचेही म्हणणे तसेच. पण न्यायालयाच्या नोंदी पाहिल्या तर दोन्ही गटांत फारसा फरक नाही! जोडीतल्या ज्या मुलाला काहीच मिळाले नव्हते, तोही तितकाच सुधारला किंवा तितकाच बिघडला होता. तेव्हा लोक म्हणाले, अजून मुले लहान आहेत, फळ यायला वेळ लागेल.

वेळ जाऊ दिला गेला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी या जुन्या फायली पुन्हा उघडल्या. मुले आता चाळिशी-पन्नाशीत होती. बाईंनी त्यातल्या सुमारे ९५ टक्के लोकांचा माग काढला. न्यायालयाच्या, रुग्णालयांच्या, मृत्यूच्या नोंदी तपासल्या, त्या माणसांना प्रश्नावल्या पाठवल्या. १९७८ मध्ये निकाल छापून आला.

ज्यांना मदत मिळाली होती त्यांच्यापैकी उत्तर देणाऱ्या दोन-तृतीयांश लोकांनी सांगितले, हो, त्या योजनेचा आम्हाला उपयोग झाला. काहींना आपला समुपदेशक प्रेमाने आठवत होता. इथेच थांबलो असतो तर ही यशोगाथा ठरली असती. पण शेजारी तो दुसरा गट होता. त्याच्याशी तुलना केल्यावर दिसले, की मदत मिळालेल्यांत एकाहून अधिक गुन्हे करणारे जास्त, दारूच्या व्यसनाची लक्षणे जास्त, गंभीर मानसिक आजार जास्त, ताणाशी जोडलेले रक्तदाबासारखे विकार जास्त. त्यांचे मृत्यूही कमी वयात. नोकऱ्या कमी प्रतिष्ठेच्या, आणि कामात समाधान कमी.

आपल्याकडे म्हणतात ना, करायला गेलो एक आणि झाले भलतेच. पण म्हण सांगून मोकळे होता येत नाही, कारण ही माणसांची आयुष्ये आहेत. आणि मघाचा आक्षेप आता परत आठवा. नाणे उडवले तेव्हा सगळ्यांना वाटत होते की मदत मिळालेला मुलगा सुदैवी. तीस वर्षांनी दिसले की सुदैवी कोण, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिथे नाणे उडवणे ही क्रूरता नसते. उलट, ज्ञान नसताना ते असल्याचा आव आणणे, हा खरा धोका.

असे का झाले असावे? मॅकॉर्डबाईंनी काही शक्यता मांडल्या. एक, मुलांना आधाराची सवय लागली, आणि आधार गेल्यावर ती अडखळली. दोन, समुपदेशक मध्यमवर्गीय. त्यांची मूल्ये घरात शिरली आणि घरच्या मूल्यांशी टक्कर झाली. तीन, मुलांच्या अपेक्षा उंचावल्या, आणि पुढचे आयुष्य त्या पुऱ्या करू शकले नाही. चार, सतत कोणी मदतीला येते म्हणजे माझ्यातच काही कमी आहे, असे मुलाने स्वतःविषयी धरून घेतले. पुढे १९९९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक धागा दाखवला. अपाय मुख्यतः अशा मुलांत दिसत होता, ज्यांना उन्हाळी शिबिराला एकाहून अधिक वेळा पाठवले होते. वाह्यात मुले एकत्र आली, एकमेकांना दाद देत राहिली, आणि मोठ्यांच्या शहाणपणापेक्षा बरोबरीच्यांची शाबासकी भारी ठरली.

हेही सांगायला हवे, की गोष्ट इथे संपलेली नाही. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी, मदत संपल्यानंतर बहात्तर वर्षांनी, पुन्हा मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. तेव्हा दोन्ही गटांच्या आयुर्मानात फरक उरला नव्हता. म्हणजे काळाने अपायाची एक बाजू पुसली. पण फायदा म्हणावा असे काही त्यातून पुढे आले नाही.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे तत्त्वज्ञानाकडे येऊ. 'माझ्या मार्गदर्शकामुळे मी घडलो' या वाक्यात दोन विधाने दडलेली आहेत. पहिले, तो माझ्या आयुष्यात होता आणि मला त्याच्याविषयी कृतज्ञता आहे. याचा साक्षीदार मी स्वतः आहे, इथे मला कुणी खोटे पाडू शकत नाही. दुसरे विधान असे, की तो नसता तर मी असा घडलो नसतो. आणि याचा साक्षीदार मी नाही! कारण तो नसलेले आयुष्य मी जगलेलोच नाही. ते आयुष्य, काही अंशी का होईना, जगला तो नाण्याच्या दुसऱ्या बाजूचा मुलगा. म्हणून त्याची नोंद ठेवावी लागते. कृतज्ञता खरी असते, तिला खोटे म्हणायचे कारण नाही. फक्त ती पुरावा नसते.

मग काय, ही सोबत सोडूनच द्यायची? नाही. नंतरचे संशोधन पाहा. न्यू यॉर्कच्या बालन्यायालयातले कारकून अर्नेस्ट कोल्टर यांच्या १९०४ मधल्या आवाहनापासून 'बिग ब्रदर्स' ही चळवळ वाढली. एका मुलामागे एक मोठा मित्र. १९९५ मध्ये तिच्यावर नाणेफेकीच्याच तत्त्वाने केलेला मोठा अभ्यास आला, १० ते १६ वयाच्या ९५९ मुलामुलींचा. दीड वर्षानंतर, मोठा मित्र मिळालेल्यांत अमली पदार्थांना सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होते. बरं, हे मुलांनी स्वतः सांगितलेले, हे लक्षात ठेवू. पण शेजारी दुसरा गट होता, ही जमेची बाजू.

त्याच माहितीचा २००२ मध्ये ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांनी पुन्हा अभ्यास केला. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांत लाभ सर्वांत जास्त होता. आणि तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत? मुलांचा स्वतःविषयीचा आदर घटला. आधीच कुणी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून गेले. यावरून कुणी म्हणेल, मग जितकी लांब सोबत तितकी चांगली. पण केंब्रिज-सोमरव्हिलमध्ये तर पाच वर्षांची सोबत होती! तेव्हा नुसते दिवस मोजून भागत नाही. कुणासोबत, कशासाठी, आणि सोडताना कसे, हे पाहावे लागते.

सोडण्याचा हा मुद्दा कामाच्या जगातही आहे. कॅथी क्रॅम यांनी १९८० च्या दशकात एका मोठ्या कंपनीतल्या अठरा ज्येष्ठ-कनिष्ठ जोड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना या नात्याचे चार टप्पे दिसले: जुळणे, बहरणे, दुरावणे, आणि नव्या पायावर पुन्हा भेटणे. म्हणजे दुरावणे हा नात्याचाच एक टप्पा आहे, तो आला म्हणजे नाते फसले असे नाही. ऑफिसातल्या कोचिंगचेही असेच. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी अठरा अभ्यास एकत्र करून पाहिले, तर परिणाम चांगले दिसले. मात्र त्यातली बरीच मोजमापे शिकणाऱ्याच्या स्वतःच्या उत्तरांवर उभी आहेत. आणि स्वतःच्या उत्तराची अडचण काय, ती आपण आत्ताच पाहिली.

इथे ऐकणाऱ्यांत आमच्यासारखे निवृत्त लोक पुष्कळ असतील. कुणी वस्तीतल्या मुलांना शिकवत असेल, कुणी तरुण उद्योजकांना सल्ला देत असेल. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. पण तीन साध्या गोष्टी आपण करू शकतो. झेपेल तेवढाच शब्द द्यावा, आणि दिला की पाळावा. मूल आपल्याविषयी काय बोलते यावर न थांबता, ते आपल्याविना काय करते याची नोंद ठेवावी. आणि आपल्या मदतीने कुणाचे नुकसान तर होत नाही ना, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

कॅबटने हाच प्रश्न आधी डॉक्टरांना विचारला, मग भल्या माणसांना विचारला. उत्तर ऐकायला तो उरला नाही. पण उत्तर मिळण्याची सोय मात्र त्याने करून ठेवली, आणि ते आपल्या विरुद्ध गेले तरी लपणार नाही अशी करून ठेवली. आमच्या मते त्या प्रयोगातली सर्वांत मोठी सेवा हीच.