काळी, पांढरी आणि भुईतले धन

पावसाळा तोंडावर आला असताना आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. पदवीनंतर नोकरीची वाट पाहून थकलेला, घरची कोरडवाहू शेती कशीबशी रेटणारा हा मुलगा. हातात लांब दांड्याचे एक यंत्र होते, खाली ताटलीएवढे कडे, वर छोटा पडदा. ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर. खिशातून रुमाल काढून त्याने टेबलावर एक नाणे ठेवले. काळपट, कडा झिजलेल्या त्या नाण्यावर सोंड उचललेल्या हत्तीची आकृती अंधुक दिसत होती. उलटून पाहिले तर चार वर्तुळे जोडणारे चिन्ह. सातवाहनांचे नाणे ओळखायला विद्वान असावे लागत नाही. आम्ही हरखून विचारले, "कुठे सापडले हे?" तो म्हणाला, "तीन-चार गावच्या पांढऱ्या हिंडलो सर. यातलं कोणतं कुठलं, ते आता ध्यानात नाही." आणि मग त्याने आपल्या येण्याचे कारण सांगितले. विदर्भात नाण्यांचे हंडे कोठे कोठे सापडले हे आम्ही वर्गात सांगितले होते. त्या गावांची यादी त्याला हवी होती.

या मागणीला आम्ही काय उत्तर दिले ते पुढे येईलच. पण त्या दुपारपासून एक प्रश्न आमचा पाठलाग करीत आहे. भुईत पुरलेले धन आणि भुईत पुरलेला इतिहास या दोन गोष्टी एकच आहेत काय? आणि नसतील, तर एकाचा शोध घेताना दुसऱ्याचे काय होते?

'गुप्तधन' हा शब्द आपल्या लोककथांतून, कादंबऱ्यांतून, गावगप्पांतून सदैव वावरत आला आहे. त्या धनावर नाग बसलेला असतो, ते अपात्राच्या हाती लागले तर त्याचा कोळसा होतो. ते कोणाला दिसते? पायाळूला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीखालचा हंडा दिसतो, ही समजूत महाराष्ट्रभर आढळते. या समजुतींची दुसरी बाजू मात्र रम्य नाही. धनाच्या लोभाने पूजा मांडल्या गेल्या, बळी दिले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर राज्यात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू व गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांचा निर्देश करावा लागला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या हातातले यंत्र हा विसाव्या-एकविसाव्या शतकाचा पायाळू होय. त्याचा जन्म धनाच्या शोधातून झालेला नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने असे एक उपकरण वापरून पाहिले. ते अपयशी ठरले. त्याचे एक कारण रुग्णाच्या बिछान्यातील धातूच्या स्प्रिंगा हे सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ते वापरले गेले. युद्धानंतर हे तंत्र हौशी लोकांच्या हाती आले. मरण शोधण्यासाठी सिद्ध झालेले साधन असे धन शोधण्याच्या कामी लागले.

त्याचे तत्त्व साधे आहे. खालच्या कड्यातील तारेच्या वेटोळ्यातून बदलता विद्युत्प्रवाह वाहतो. त्याने चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत सूक्ष्म प्रवाह खेळू लागतात, त्यांचे उलट क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र वाजते. पण नाण्याएवढी वस्तू ते वीतभर खोलीपर्यंत, फार तर थोडे अधिक, ओळखू शकते. शिवाय आमच्याकडची माती बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून झालेली, लोहकणांनी भरलेली. म्हणून यंत्र आधी त्या मातीशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर ते रिकाम्या जमिनीवरही बोलत राहते. नांगराच्या फाळाचा तुकडा, बाटलीचे झाकण, बैलाच्या पायाचा नाल, या सर्वांना ते साद देते. झाकण आणि अंगठी यांतला भेद त्याला नेहमी कळतोच असे नाही. एक गोष्ट तर त्याला कधीच कळत नाही. वस्तूभोवतीची माती काय सांगते, हे त्याच्या पडद्यावर उमटत नाही.

आणि माती बोलते. आपल्या खेड्यांच्या भाषेत 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची. शतकानुशतके मातीची घरे पडतात, चुलींची राख, शेण, केरकचरा साचतो, त्यावर पुन्हा घरे उभी राहतात आणि गावाखालची भुई उंच व फिकट होत जाते. पुरातत्त्वज्ञ गावात शिरल्यावर आधी पांढरीचे टेकाड कोठे ते विचारतो, याचे कारण हेच. आपल्या पूर्वजांनी शेतसाऱ्याच्या आणि गावगाड्याच्या सोयीसाठी केलेला हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाला वाटाड्यासारखा उपयोगी पडला. पहिला पाऊस पडून गेला की पांढरीवर मणी, खापरे, क्वचित नाणी उघडी पडतात, हे यवतमाळ जिल्ह्यातल्या गुराख्यालाही ठाऊक असते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून ही पांढरी खणली जात आहे. शेताला खत म्हणून, भिंती सारवायला म्हणून गाड्यांच्या गाड्या पांढरी माती नेली गेली. पण तो शेतकरी माती नेत होता. तिच्यातल्या वस्तू वेचून बाजारात नेणे हा त्याचा हेतू नव्हता.

आमच्या जिल्ह्याचे नाव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असे होते. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रज फौजा मागावर असलेला दुसरा बाजीराव याच पांढरकवड्याच्या परिसरात पराभूत झाला. पळत्या सैन्याच्या वाटेवर पुरलेल्या खजिन्याच्या कथा उगवाव्यात हे स्वाभाविकच. परंतु या भूमीने खरोखर जे धन दिले ते कथांतल्या सोन्यासारखे नव्हते. त्याची दोन उदाहरणे एकाच वर्षाची, १९३९ ची, आणि दोन्ही आमच्या शेजारची आहेत.

तेव्हाच्या अकोला आणि आजच्या वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा नावाचे गाव आहे. तेथे सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. नाणी पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील-शिसे मिसळलेल्या हलक्या धातूची. सोनाराच्या तराजूत त्यांना कवडीचे मोल नव्हते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली, तेव्हा त्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे निघाली. ही नावे पुराणांतील राजवंशावळींत नाहीत. ज्या राजांची आठवण ग्रंथांनी ठेवली नाही, ती या झिजलेल्या तुकड्यांनी ठेवली होती. आणि ती नाणी एकत्र, एका साठ्यात सापडली म्हणून या राजांचा काळ एकमेकांच्या जवळचा, सातवाहन सत्तेच्या उत्तरार्धाचा, हे म्हणता आले. हीच नाणी दीड हजार खिशांत विखुरली असती तर?

दुसरे उदाहरण वाशीमच्या ताम्रपटाचे. वाशीम येथील एका शास्त्र्यांच्या संग्रही असलेला हा ताम्रपट त्याच सुमारास उजेडात आला. तो प्रथम वाचणाऱ्यांत यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे होते. 'महानुभावीय मराठी वाङ्मय' या ग्रंथाचे कर्ते आणि यवतमाळच्या शारदाश्रमाचे प्राण म्हणून मराठीचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. ते ताम्रपटांचेही वाचक होते याचा आपल्याला विसर पडतो. हा ताम्रपट वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा, त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातला, वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून दिलेला. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात, अशी त्याची रचना आहे. त्यातून वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्पष्ट झाला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात हे नाव आधी चुकीचे वाचले गेले होते. ताम्रपटामुळे ते दुरुस्त झाले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. हा सर्वसेन म्हणजे 'हरिविजय' या प्राकृत काव्याचा कर्ता. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञाने त्याचा गौरवाने उल्लेख केला. पण काव्य लुप्त झाले, केवळ अलंकारग्रंथांतल्या अवतरणांत त्याचे तुकडे उरले. ज्या कवीचे काव्य हरवले त्याचे घराणे, त्याची राजधानी तांब्याच्या काही पत्र्यांनी परत मिळवून दिली. ते पत्रे कोणी तांबटाला विकले असते तर त्यांची एखादी पळी किंवा घंगाळ झाले असते, आणि कोणाला काही हरवल्याचा पत्ताही लागला नसता.

शोध लागूनही स्थान हरवले तर काय होते, याचे उदाहरण दायमाबादचे आहे. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) या स्थळी एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ अशी चार कांस्यशिल्पे मिळाली. एकंदर वजन साठ किलोंहून अधिक. भारतीय धातुकलेतील ही अपूर्व वस्तू. तेथे पुढे शास्त्रशुद्ध उत्खननही झाले. तरीही ही शिल्पे थरांसकट, विद्वानांच्या डोळ्यांसमोर बाहेर आली नसल्याने, ती उत्तर हडप्पा काळाची की बऱ्याच नंतरची, हा वाद दीर्घकाळ चालला. कोणी शैलीवरून, कोणी धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून मत मांडले. त्या मुळाखालची वीतभर माती अबाधित असती तर हे सारे पांडित्य कदाचित लागलेच नसते. यात त्या शेतकऱ्याचा यत्किंचितही दोष नाही. दोष असेलच तर तो निव्वळ योगायोगाचा.

परंतु योगायोग वेगळा आणि मोहीम वेगळी. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात बुऱ्हाणपूरच्या लुटीचा प्रसंग आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात रात्रीच्या वेळी शेकडो माणसे बॅटऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते उकरू लागली. मराठी मुलखाच्या सीमेवर घडलेली ही घटना आम्हांला साहित्याचे शिक्षक म्हणून अस्वस्थ करते. कथा माणसाला कृतीला प्रवृत्त करते, हे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. ती कोणत्या कृतीला प्रवृत्त करते, हे विचारायचे मात्र राहून जाते. आमच्याच वर्गातल्या व्याख्यानाने एक मुलगा यंत्र विकत घेता झाला, ही गोष्ट आम्ही कोणत्या तोंडाने नाकारावी?

कायदा याबाबत संदिग्ध नाही. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली की तिचे वर्णन, स्थळ आणि दिनांक जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावा लागतो. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही, आणि संरक्षित स्मारकाच्या परिसरात अनुमतीशिवाय खणता येत नाही. जुन्या कायद्याने सापडणाऱ्याला चोर मानलेले नाही, हेही ध्यानात घ्यावे. मालक न निघाल्यास वस्तू त्याला मिळू शकते, आणि शासनाने ती घेतल्यास धातूचे मोल अधिक त्याचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. पण ही तरतूद गावात कोणाला माहीत आहे? माहीत असते ती फक्त भीती. भीतीपोटी वस्तू लपते, वितळते, किंवा फेरीवाल्याच्या पिशवीतून दूर जाते. इंग्लंडात १९९६ चा कायदा आणि पाठोपाठ आलेली नोंदणीची योजना यांमुळे हौशी शोधक वस्तू कोठे सापडली ते नोंदवू लागले. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात सोन्याचा मोठा साठा यंत्रधारी हौशी माणसालाच सापडला. त्याने कळवले, पुरातत्त्वज्ञांनी येऊन खणले, साडेतीन हजारांवर वस्तूंची नोंद झाली आणि मोबदला शोधणारा व शेतमालक यांत विभागला गेला. आपली भूमी, आपले दारिद्र्य, आपली प्रशासनाची रीत निराळी. ती योजना उचलून येथे रोवता येईल असे आम्ही म्हणत नाही. पण सापडणाऱ्याला विश्वास वाटला तर स्थान वाचते, एवढा बोध त्यातून घेता येईल.

आता त्या दुपारकडे वळू. आम्ही यादी दिली नाही. तऱ्हाळ्याची हकीकत मात्र सविस्तर सांगितली, आणि कुंभ सातकर्णीचे नाव घेऊन विचारले, "तुझ्या या नाण्यावरचा राजा कोण?" अक्षरे झिजली होती, त्यालाही वाचता येईना, आम्हांलाही. गाव ठाऊक असते, सोबत कोणती खापरे होती हे ठाऊक असते, तर काही बोलता आले असते. तो बराच वेळ नाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हे मी काढलं, तेव्हाच अर्धं हरवलं." एवढे नेमके वाक्य आम्हांला इतक्या वर्षांच्या अध्यापनात सुचले नव्हते.

जिल्हाधिकारी कार्यालयात कळवण्याचा अर्ज आम्ही त्याला लिहून देऊ केला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. त्याच खिशात नाणेही ठेवले. अर्ज पोचला की नाही, ते आम्हांला कळलेले नाही. त्याच्या शेतीचा तोटा आमच्या इतिहासप्रेमाने भरून निघणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यामुळे त्याला उपदेश करण्याचा अधिकार आम्हांला कितपत आहे याविषयीही साशंक आहोत. मात्र वर्गात शिकवण्याची आमची रीत आम्ही बदलली आहे. पूर्वी आम्ही काय सापडले ते सांगत असू. आता कोठे, कसे, कशासोबत सापडले, आणि कोणी ते जपले, हे आधी सांगतो.