सातव्या महिन्याची तेवीस तारीख

पेनसिल्व्हेनियातल्या ग्विनेड गावच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या सभेत स्क्वायर बून आणि सारा मॉर्गन यांचे लग्न लागले. त्या लग्नाच्या दाखल्यावर सन १७२०, सातव्या महिन्याचा तेविसावा दिवस अशी तारीख आहे. पुढच्या कित्येक वंशावळींत हे लग्न २३ जुलैला लागलेले दिसते. सातवा महिना म्हणजे जुलै, यात शंका कुणाला येणार? पण लग्न झाले ते सप्टेंबरात.

इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला लागे आणि मार्च हा पहिला महिना धरला जाई. त्या हिशेबाने सातवा येतो सप्टेंबर. त्याच्या नावात आपला 'सप्त' ऐकू येतो तो उगाच नाही. क्वेकरांना जानेवारी, मार्च ही रोमन देवतांची नावे तोंडी घेणेही नको होते, म्हणून ते महिने आकड्यांनी मोजत. वारांचेही तसेच. रविवार पहिला, शुक्रवार सहावा. त्यात जुनी कालगणना नव्या कालगणनेच्या अकरा दिवस मागे. म्हणजे आजच्या पंचांगाने हे लग्न ४ ऑक्टोबरचे. वसाहतकाळातल्या क्वेकर घराण्याचा माग काढायचा तर ही आकडेमोड आधी पाठ करावी लागते. नाहीतर सगळी वंशावळ दोन महिने पुढेमागे सरकते आणि एखादे मूल आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला येते.

केंटकीकडे जाणारी वाट पाडणारा, अमेरिकन दंतकथांत अजरामर झालेला डॅनियल बून हा या जोडप्याचा मुलगा. डॅनियलवर पुस्तकांचा ढीग आहे. इथे विषय आहे तो त्याच्या आधीच्या माणसांचा.

त्यांच्यापर्यंत नेणारा सर्वांत उपयोगी कागद २१ मार्च १७८८ चा. लिहिणारा जेम्स बून. हा डॅनियलचा चुलतभाऊ आणि गणिताचा माणूस. त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे की ही माहिती त्याचा काका जॉन याच्याकडून आली आहे आणि जॉनला जेवढे ठाऊक होते तिथवरच ती मागे जाते. ऐकीव माहिती कुणाच्या तोंडची आहे हे लिहून ठेवणारा वंशावळकार सहसा भेटत नाही. पुढच्या शतकातल्या हौशी मंडळींनी बूनांना थेट नॉर्मन सरदारांच्या बोहुन घराण्याला नेऊन जोडले. जेम्सच्या कागदात सरदार कोणी नाही. इंग्लंडात एक्सेटर शहराजवळ राहणारा एक लोहार आहे, जॉर्ज बून दुसरा, आणि त्याची बायको सारा अप्पी. तो साठाव्या वर्षी गेला, ती ऐंशीव्या. तिचे हाड कधी दुखले नाही की दात किडला नाही, असेही जेम्सने नोंदवले आहे. पणजीचे दात! घरात तीन पिढ्या ही गोष्ट कौतुकाने सांगितली गेली असणार, त्याशिवाय ती कागदावर कशी येईल? हे पुराव्यात बसत नाही, पण माझा त्या कागदावरचा विश्वास या दातांनी वाढवला.

त्यांचा मुलगा जॉर्ज तिसरा. हा डेव्हन परगण्यातल्या ब्रॅडनिंच गावचा विणकर, बायको मेरी मॉग्रिज. दोघांची नऊ मुले वयात आली. थोरली तीन, म्हणजे जॉर्ज, सारा आणि स्क्वायर, आधी अमेरिकेला पाठवली. स्क्वायर हे त्याचे नावच, पदवी नव्हे. बाकीच्यांना घेऊन नवरा-बायकोने १७ ऑगस्ट १७१७ ला घर सोडले आणि ब्रिस्टलहून जहाज धरले. फिलाडेल्फियाला पोचल्याची तारीख जेम्सने दोन्ही कालगणनांत दिली आहे: जुनी २९ सप्टेंबर, नवी १० ऑक्टोबर.

जेम्स कितपत विश्वासार्ह, हे तपासायची एक सोय त्याच्याच कागदात आहे. जॉर्ज तिसरा २७ जुलै १७४४ ला, आठवड्याच्या सहाव्या दिवशी, सकाळी आठच्या सुमारास वारला, असे तो लिहितो. जुन्या कालगणनेने गणित मांडले तर तो दिवस शुक्रवारच निघतो. घटना घडून चव्वेचाळीस वर्षे झाल्यावर तारीख आणि वार जुळतात, म्हणजे लिहिताना त्याच्यासमोर एखादे जुने टिपण असावे. मागे राहिलेल्यांची मोजदादही त्याने केली आहे. ८ मुले, ५२ नातवंडे, १० पतवंडे, एकूण ७०. याकोबाचे कुटुंब इजिप्तला गेले तेव्हा तेही सत्तर होते, हे तो आवर्जून सांगतो. बायबलचा आकडा साधण्यासाठी कुणी गणतीत ओढाताण केली असेल का, ही शंका मला येते. पण गणिती माणसाला तो योगायोग सापडला आणि आवडला, एवढेच मानणे सरळ.

घरच्या कागदाला जोड मिळते ती सभेच्या इतिवृत्तांची. क्वेकर गाव बदलताना जुन्या सभेकडून वर्तणुकीचा दाखला घेई आणि तो नव्या सभेत वाचून दाखवला जाई. जॉर्जने इंग्लंडातल्या कलम्टन सभेचा दाखला सादर केल्याची नोंद १७१७ च्या दहाव्या महिन्यातल्या एकतीस तारखेची आहे. इथे सापळा बेमालूम आहे. दहाव्याला ऑक्टोबर समजले तरी एकतीस तारीख चालते आणि जहाज नुकतेच लागलेले असल्याने सगळे बरोबर वाटते. खरा महिना डिसेंबर. म्हणजे येणे आणि दाखला वाचला जाणे यांत तीन महिने गेले होते.

यानंतर हा जॉर्ज इतिवृत्तात ठळक दिसतो तो चूक कबूल करताना. जॉन वेब नावाच्या तरुणाला आपल्या मुलीशी, लग्नाच्या विचाराने, भेटीगाठी ठेवायला त्याने सभेच्या रीतीआधीच संमती दिली होती. १७२० साली भर सभेत त्याने हा उतावीळपणा मान्य केला. क्वेकरांची बहुतेक कागदपत्रे अशीच असतात. मुकाट्याने वागणारा माणूस जन्म, लग्न, मृत्यू या नोंदींपलीकडे फारसा उरत नाही. ज्याने रीत मोडली, त्याच्या घरी मात्र चौकशीला माणसे गेली, त्यांनी अहवाल दिला, लेखनिकाने तो उतरवून घेतला. बूनांविषयी आपल्याला इतके कळते, कारण त्यांच्याकडून चुका पुष्कळ झाल्या.

स्क्वायरने १७३० मध्ये ओली भागात, आजच्या बर्क्स काउंटीत, २५० एकर जमीन घेतली. तो शेती, विणकाम आणि लोहारकाम करी. १७४२ मध्ये त्याच्या सारा नावाच्या मुलीने जॉन विल्कॉक्सन या समाजाबाहेरच्या मुलाशी लग्न केले. तिथल्या, म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्याच, एक्सेटर सभेने चौकशी केली. लग्नाआधीच ती गरोदर होती, हेही इतिवृत्तात आले. स्क्वायरने चूक कबूल केली. दोघांची जवळीक वाढल्याचे लक्षात आले होते, पण काय करावे ते सुचेना, अशा आशयाचे त्याचे म्हणणे नोंदले गेले आहे. सगळ्या दप्तरात बापाचा आवाज ऐकू यावा अशी ही एकच जागा.

पाच वर्षांनी थोरला मुलगा इस्रायल यानेही समाजाबाहेर लग्न केले. या खेपेला कबुली झाली नाही. १७४८ मध्ये सभेने स्क्वायरचे नाव वगळले. याला 'वाळीत टाकणे' म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. वगळलेल्या माणसाशी पाणी-विस्तव तुटत नसे, प्रार्थनेला येऊन बसायलाही आडकाठी नसे. सभेच्या कामकाजात मात्र त्याला स्थान उरत नसे.

सारा मॉर्गनचे सदस्यत्व कायम राहिले. एप्रिल १७५० मध्ये स्क्वायरने १५८ एकर जमीन विल्यम मॉग्रिजला विकली. विकत घेणाऱ्याचे आडनाव आईच्या माहेरचे, म्हणजे व्यवहार घरातल्या घरातच झाला. पुढच्या महिन्यात कुटुंबाने गाव सोडले. त्या वर्षी सभेने स्थलांतराचा दाखला दिला तो साराला. अकरा मुलांची ही आई तीस वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या दाखल्यानंतर ठळकपणे पुढे येते ती इथेच.

ओलीत राहिलेल्या बूनांच्या शाखेत एक नाव असे आहे की त्याने भल्याभल्यांना चकवले आहे. वंशावळ लिहिणाऱ्या जेम्सची बहीण ॲन हिने १७६० मध्ये अब्राहम लिंकनशी लग्न केले. हा राष्ट्राध्यक्ष नव्हे, त्याचा आजोबाही नव्हे, जरी आजोबाचे नाव अब्राहमच होते. शेजारच्या मॉर्डेकाय लिंकनला पहिल्या बायकोपासून जॉन हा मुलगा होता. त्या जॉनचा मुलगा अब्राहम, त्याचा थॉमस आणि थॉमसचा मुलगा राष्ट्राध्यक्ष. ॲनचा नवरा मॉर्डेकायच्या दुसऱ्या बायकोचा, बाप गेल्यावर जन्मलेला मुलगा. थोडक्यात, राष्ट्राध्यक्षाचा सावत्र चुलत पणजोबा. बून आणि लिंकन यांचे रक्ताचे नाते सांगणारी मंडळी या दोन अब्राहमांत घसरतात. राष्ट्राध्यक्षाने स्वतः १८५९ च्या आत्मवृत्तात आपले पूर्वज बर्क्स काउंटीचे क्वेकर असल्याचे लिहिले. ॲनवर मात्र सभेने ठपका ठेवला तो समाजाबाहेरच्याशी लग्न केल्याचा, आणि तो बाहेरचा म्हणजे एक लिंकनच. राष्ट्राध्यक्षाचे वाक्य आणि सभेचे इतिवृत्त समोरासमोर आले तर मी इतिवृत्त धरीन.

जॉर्ज आणि मेरी एक्सेटरच्या क्वेकर दफनभूमीत आहेत. थडग्यावर नाव कोरणे हाही क्वेकरांना दिखावा वाटे, त्यामुळे तिथे त्यांच्या नावाचा दगड नाही. दफनभूमी भरली तेव्हा वर माती घालून दुसरा थर केला, असे सांगतात. थडगे पाहायला जाणाऱ्याला नेमकी जागा दाखवता येत नाही.

स्क्वायर नॉर्थ कॅरोलायनात याडकिन नदीच्या खोऱ्यात स्थिरावला आणि तिथे न्यायदंडाधिकारी झाला. एका मुलाच्या लग्नावरून ज्याचे नाव कटले, त्याने १७५६ मध्ये डॅनियल आणि रिबेका ब्रायन यांचे लग्न स्वतः, अधिकारी म्हणून लावले. तो १७६५ मध्ये वारला. मॉक्सव्हिल गावच्या जॉपा दफनभूमीत त्याच्या नावाचा दगड आहे. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी गेला, असे त्यावर ओबडधोबड अक्षरांत कोरले आहे. तारीख दोन. महिना आकड्यात नाही, नावाने आहे: जानेवारी. स्पेलिंग चुकलेले आहे.